एक ‘मांगूर’, दोन मासे

वाराणसीच्या घाटांवरून वाहणाऱ्या गंगेतील मत्स्यसंपदेचे सविस्तर वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. माशांना शास्त्रीय नावे देताना त्यांनी अनेकदा नदीकाठच्या लोकांचेच शब्द स्वीकारले. रोहिता, कटला, मृगला ही जातिनामे अशी शास्त्रात आली. ‘मगूर’ हेही त्यांतलेच. त्याच वर्षी बर्चेल यांनी आफ्रिकेतील गरीप नदीवरून दुसऱ्या एका माशाला ‘गॅरिएपिनस’ हे नाव दिले. हे दोन्ही मासे आज ‘क्लॅरियस’ या एकाच वंशात गणले जातात आणि आपल्याकडे दोघांनाही ‘मांगूर’च म्हणतात.

अडचण येथेच आहे. आफ्रिकी मासा ‘थाई मांगूर’ या नावाने पसरला. तो मांसाहारी असून स्थानिक माशांना घातक आहे. त्याच्या संवर्धनावर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली. देशी मांगूर मात्र संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत आहे आणि वाराणसीशेजारच्या बिहारचा तो राज्यमत्स्य आहे. एकाला हटवायचे, दुसऱ्याला जपायचे. पण बीजखरेदीच्या पावतीवर दोघांचे नाव एकच!

शास्त्रीय नावे सतत बदलतात, मग ती शेतकऱ्याने का लक्षात ठेवावीत, असा आक्षेप घेतला जातो. देशी मांगूरचेच उदाहरण पाहावे. कित्येक वर्षे त्याला ‘क्लॅरियस बॅट्रॅकस’ म्हटले गेले. ते नाव मुळात जावा बेटावरील माशाचे आहे, असे २००८ मध्ये स्पष्ट झाले आणि भारतीय माशाला हॅमिल्टन यांचे ‘क्लॅरियस मगूर’ हे नाव परत मिळाले. हा बदल लहरीपणाचा नव्हे, दुरुस्तीचा आहे. बोलीनावातील घोळ दुरुस्त करण्याची अशी कोणतीही सोय नसते.

पिकांवरील किडींबाबतही हेच घडते. ‘लष्करी अळी’ या एका नावाखाली जुनी देशी अळी आणि २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी, अशा दोन भिन्न किडी येतात. नाव चुकले की सल्लाही चुकतो.

म्हणून मत्स्यबीजाची पावती, अनुदानाचा अर्ज, तपासणीचा पंचनामा या प्रत्येक कागदावर बोलीनावासोबत पूर्ण शास्त्रीय नाव देवनागरीत लिहिणे बंधनकारक व्हावे. बोटभर बीज नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण असते. त्यामुळे ते पुरवणाऱ्या केंद्राने प्रजनक माशांची जात लेखी नमूद करावी. जुनी माहितीपत्रके वापरताना विस्तार कार्यकर्त्यांनी भारतीय ‘बॅट्रॅकस’ म्हणजे आजचा ‘मगूर’ हे ध्यानात ठेवावे. प्रगतिशील शेतकऱ्यांनीही शास्त्रीय नाव नसलेली पावती स्वीकारू नये. बंदी आणि संवर्धन हे दोन्ही आदेश अखेर नावावरच चालतात. ते नाव संदिग्ध राहिले, तर तळ्यात काय वाढते आहे हे कोणालाच सांगता येणार नाही.