पाटीलकीची वंशावळ आणि तिच्यात नसलेली माणसं

दिल्लीत पोस्टिंग असलं की मेसमध्ये जेवणानंतर घराण्यांचा विषय हमखास निघतो. गुडगाव-रोहतककडचा सहकारी सांगतो, आमचे पणजोबा जैलदार होते. आपला मराठी माणूस सांगतो, आमच्याकडे पाटीलकी होती. रिटायरमेंट जवळ आली की अनेकांना हा इतिहास छापून काढावासा वाटतो. जरूर छापावा. पण फक्त वंशावळीवर विसंबून लिहिलेला पाटलाचा इतिहास अर्धाच असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हा अधिकारी कोण होता ते पाहू. १८६७च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्यानं गावातली कायदा-सुव्यवस्था पोलीस पाटलाच्या हाती दिली. गुन्ह्याची खबर वर कळवायची, गुन्हेगार पकडायचा, संशयास्पद मृत्यू झाला तर पंच जमवून चौकशी करायची, ही सगळी त्याची कामं. इंग्रजी सिनेमातला शेरीफ एकटाच घोड्यावरून येतो. आपला पाटील कधीच एकटा नव्हता. कागद कुलकर्णी लिहायचा. वेस राखायची, निरोप आणि सरकारी टपाल घेऊन पायी जायचं, साऱ्याच्या रकमेबरोबर चालायचं, हे काम येसकर महाराचं. अनेक गावांत रात्रीची गस्त रामोशी घालायचे. युनिट एकटा सीओ चालवत नाही, हे फौजी वाचकांना वेगळं सांगायला नको.

आता वंशावळीकडे येऊ. १८७४च्या वतन कायद्यानं वतनदारांची नोंद आणि वारसा यांचे नियम बांधून दिले. पाटीलकी कोणाच्या शाखेकडे जाणार यावर भाऊबंदांत वाद व्हायचे आणि त्यासाठी वंशावळी सादर व्हायच्या. म्हणजे हातात येणारी वंशावळ बऱ्याचदा दावेदाराचा पुरावा असते. तिच्यात कोणाला घ्यायचं, हे हक्कानं ठरायचं. १८८६च्या दुरुस्तीनं तर शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा सोडून घराण्यातल्या बाकी स्त्रियांना वारसाहक्कात पुरुषांच्या मागे टाकलं. त्या कागदांत लेकी सापडत नाहीत, त्याचं एक कारण हे. हरियाणातल्या महसुली दफ्तरातला ‘शजरा-नसब’ही याच जातीचा: जमीनमालकांचा वंशवृक्ष. ज्याला जमीन नाही, त्याला वृक्षही नाही.

मग शोधायचं कुठे? जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मुख्यतः केंद्र सरकारचे कागद आहेत. गावच्या वतनासाठी पुणे पुराभिलेखागार, म्हणजे आपलं पेशवे दफ्तर, आणि मुंबईचं पुराभिलेखागार गाठावं. मोडी वाचणारा जाणकार सोबत घ्यावा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येत असेल तर त्याच्याकडचं उतरवून घ्यावं. आणि गावात गेल्यावर फक्त वाड्यावर चहा पिऊन परतू नये. येसकराच्या घराण्यातले आजचे लोक कुठे आहेत, ते विचारावं. जुन्या कागदांत ‘नाक’ असा शेवट असलेली महार नावं दिसतील. कोरेगावच्या जयस्तंभावर ती अनेक माजी सैनिकांनी वाचली असतील. तीही नोंदवून ठेवावीत.

यावर एक प्रश्न हमखास येतो, “आमच्या घरच्या पुस्तकात दुसऱ्यांची नावं कशाला?” कारण पाटलाचा हुकूम त्यांच्या पायांनी चालायचा. महार वतन म्हणजे तुटपुंजी जमीन, थोडं बलुतं आणि बदल्यात रात्रंदिवस राबणूक. या वतन कायद्यात बदल करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं होतं. आपल्या पणजोबांचा दरारा लिहायचा आणि तो दरारा कोणी सोसला ते गाळायचं, याला मी इतिहास म्हणणार नाही.

यात पणजोबांचा अपमान नाही. रात्री-अपरात्री तंटे मिटवणारे, दुष्काळात गाव सांभाळणारे पाटीलही होते. कागदात तसं सापडलं तर अभिमानानं लिहावं. उलट सापडलं तर तेही लिहावं. आज पोलीस पाटील १९६७च्या कायद्यानुसार नेमला जातो, ते पद वारशानं मिळत नाही. म्हणजे या इतिहासावर आता कोणाचा दावा अडलेला नाही. खरं लिहायला हरकत कसली?

सुरुवात घरापासून करा. आत्या-मावश्या आहेत तोवर लेकींची नावं आणि त्यांची सासरची गावं लिहून घ्या. ती कुठल्याच दफ्तरात मिळायची नाहीत.

जय हिंद!