गोगलगाय आणि साडेसात हजार दुरुस्त्या



लंडनला जॉन डॉयल नावाचे एक व्यंगचित्रकार होते. त्यांच्या घरी एक नेम होता. मुलांनी आठवड्यात शहरात काय पाहिले ते पत्रात लिहून बापाला द्यायचे. एकाच घरात राहून पत्र! मुलगा रिचर्ड याने 1842-43 मध्ये अशी 53 पत्रे लिहिली. मिरवणुका, लष्कराची कवायत, चित्रप्रदर्शनातली रेटारेटी, बड्या लोकांचा तोरा. लिहिता लिहिता मध्येच चित्र. आपल्या घरी हा नेम करून पाहायला वही-पेन्सिलीपलीकडे खर्च नाही.

पुढे रिचर्ड 'पंच' या गाजलेल्या साप्ताहिकात गेला. त्याने 1849 मध्ये काढलेले मुखपृष्ठ 1956 पर्यंत चालले. 'पंच' पाहूनच आपल्या देशात 'हिंदू पंच', 'अवध पंच' निघाले. पण 1850 मध्ये 'पंच'ने कॅथलिकांची टर उडवायला सुरुवात केली. रिचर्ड स्वतः कॅथलिक. त्याने चांगली चाललेली नोकरी सोडली.

आपल्या विदर्भाला टवाळी नवी नाही. नागपुरात तान्ह्या पोळ्याला बडगे निघतात, त्यात पुढाऱ्यांचीही धिंड असते. पण रेषा कोणाच्या हातात आणि हसे कोणाचे, हे पाहावेच लागते. उन्नमती श्याम सुंदर यांनी बाबासाहेबांवरची 1932 ते 1948 मधली शंभराहून अधिक व्यंगचित्रे गोळा करून 2019 मध्ये ग्रंथ काढला. त्यातली बरीचशी पाहून मान खाली जाते, काढणाऱ्यांची.

शंकर यांचे 1949 चे चित्र तुम्हांला आठवत असेल. राज्यघटना म्हणजे गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब, मागे चाबूक उगारलेले नेहरू. हे चित्र अकरावीच्या पुस्तकात आले आणि मे 2012 मध्ये संसदेत गदारोळ झाला. सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुण्यातल्या कार्यालयाची मोडतोडही झाली. चीड खरी होती, मोडतोड मात्र चुकीची. कारण 'उशीर झाला' या आरोपाला बाबासाहेबांनी स्वतःच 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत उत्तर दिले होते, आणि तेही हिशेब मांडून.

अमेरिकेला चार महिने लागले, पण तिची कलमे 7. आपली 395. कॅनडाला दोन वर्षे पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे. आपल्याला तीन वर्षांना काही दिवस कमी. मसुदा समिती 141 दिवस बसली. दुरुस्त्या आल्या 7,635. त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्या इतर देशांपुढे दुरुस्त्यांचा हा प्रश्नच नव्हता, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले.