वेगळे ताट नको, उघडी खिडकी हवी
वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एकेका खोलीत अख्खे कुटुंब राहते. तेथे कोणास क्षय झाला, की प्रथम त्याचे ताट वेगळे होते. हे आम्हांस सलते. क्षयाचे जंतू खोकल्यावाटे हवेतून पसरतात, ताटातून नव्हे. वेगळ्या ताटाने रोग अडत नाही. जुनी अस्पृश्यता मात्र जागी होते. उघडी खिडकी, तोंडावर रुमाल, सहवासातील प्रत्येकाची तपासणी आणि मोफत मिळणाऱ्या सरकारी औषधांचा पूर्ण क्रम, हाच उपाय होय. तथागतांनी अतिसाराने पीडित भिक्खूस आनंदासह स्वहस्ते धुतले. प्लेगग्रस्त मुलास वाचविताना सावित्रीमाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगानेच गेल्या. तेव्हा औषध नव्हते, आज आहे. म्हणून आमच्या वसतिगृहांनी तपासणी टाळू नये आणि रुग्ण लेकरास पंगतीतून उठवू नये.