वारसा इमारतींचा मूळ चेहरा परत आणायचा, तर खर्च कुणी करायचा?

मुंबईच्या फोर्ट भागात मान वर करून पाहिलं, तर एकाच इमारतीला दोन चेहरे दिसतात. एकीकडे दगडी कमानी, कोरीव कठडे, लाकडी खिडक्या. दुसरीकडे ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा, बंद केलेल्या बाल्कन्या, एसीचे डबे आणि कमान झाकणारी दुकानाची पाटी. असे बदल काढून मूळ दर्शनी भाग परत आणण्यासाठी काही देशांत मालकांना सरकारी मदत मिळते. ती कशी मिळते आणि आपल्याकडे काय अडतं, ते समजून घेऊ.

इतर देशांत काय होतं?

इंग्लंडमध्ये २०२० ते २०२४ या काळात ६० हून अधिक जुन्या बाजारपेठांसाठी ९.५ कोटी पौंडांची योजना राबवली गेली. त्यातून दुकानांचे जुने दर्शनी भाग पूर्ववत करण्यासाठी अनुदान दिलं गेलं.

अमेरिकेत रोख रकमेऐवजी करसवलत मिळते. उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीच्या पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्रीय करातून वजा होते. मालक स्वतः राहत असलेल्या घराला ती लागू नाही.

अटी काय असतात?

सर्वांत महत्त्वाची अट पुराव्याची. गेलेला भाग अंदाजाने 'जुन्यासारखा' बनवून चालत नाही. जुने फोटो, नकाशे किंवा भिंतीवर उरलेल्या खुणा दाखवाव्या लागतात. अमेरिकेत काम झाल्यावर ५ वर्षांच्या आत इमारत विकली, तर सवलतीचा काही भाग परत करावा लागतो. पैसा सार्वजनिक असल्याने त्यावर कुणी झटपट नफा कमावू नये, हा हेतू.

मुंबईत काय स्थिती आहे?

नियम आहेत. १९९५ मध्ये वारसा नियमावली आली, इमारतींच्या श्रेणी ठरल्या, समिती नेमली गेली. २०१८ मध्ये फोर्ट आणि मरीन ड्राइव्ह परिसरातल्या ९४ इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

अडचण पैशांची आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ रक्कमच नगण्य होती. त्या भाड्यात दगडकाम सोडा, साधी गळतीही थांबत नाही.

उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती म्हाडाचं मंडळ करतं. पण त्या खर्चाला मर्यादा आहे आणि भर इमारत उभी ठेवण्यावर असतो. वारसा टीडीआरची तरतूद आहे. पण तो न करता आलेल्या बांधकामाचा मोबदला आहे, दर्शनी भागाचं अनुदान नव्हे.

शिवाय स्वस्त दुरुस्ती महागात पडते. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला, की ओल आत अडकते आणि दगड झिजू लागतो.

मग करायचं काय?

'रुग्णालयांना पैसे कमी पडत असताना खासगी भिंतींवर खर्च कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. पण इमारत पाडू नका, खिडकी बदलू नका, असं शहर मालकाला सांगतं ते सगळ्यांच्या वतीने. मग बिल एकट्या मालकाने किंवा भाडेकरूने का भरावं?

एकदम मोठ्या निधीची गरजही नाही. दादाभाई नौरोजी रोडवर दुकानांच्या पाट्या कमानींना साजेशा बसवण्यापासून सुरुवात झाली. व्यापारी आणि रहिवाशांना सोबत घेऊन झालेल्या त्या कामाची २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत दखल घेतली गेली.

महापालिका आणि राज्य सरकारने एका रस्त्यापुरता निधी उभारून पाहावा. आधी सुरक्षितता, मग सौंदर्य. खर्चात मालकाचा वाटा असावा, भाडेकरूंच्या संस्थेलाही अर्ज करता यावा, पुराव्याशिवाय मंजुरी नसावी आणि इमारत लगेच विकल्यास वसुली व्हावी. नुसत्या नोटिसांनी कमानी मोकळ्या होत नाहीत. वारसा सगळ्यांचा म्हणायचा, तर त्याच्या खर्चातही सगळ्यांचा वाटा हवा.