आजी हललीच नव्हती!

कबूल करते. आजीच्या ८३व्या वाढदिवसाला मी तिचे १४ फोटो काढले आणि १४च्या १४ फोटोंत आजी धूसर. तिच्या पाठीमागचं कॅलेंडर मात्र इतकं शार्प, की त्यावरची एकादशी वाचून उपास धरावा!

फोनवर काढले असते तर डिलीट मारून मोकळी झाले असते. पण मॅडमना फिल्मची हुक्की आली होती ना! आजोबांचा झोर्की-४ कपाटातून बाहेर काढला, रोल भरला, झोकात क्लिक क्लिक केलं. दहा दिवसांनी स्कॅन हातात आले आणि माझा पार पोपट झाला.

आजी शांतपणे म्हणाली, "अगं, मी हलले असेन. हेसुद्धा नेहमी तेच म्हणायचे. माझे फोटो चांगले येतच नाहीत."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. घरात कॅमेरा निघाला की आजीला नेमकं गॅसवरचं दूध आठवतं. आजवर आम्हाला ती गंमत वाटायची.

पण या वेळी मी फोटो नीट बघितले. माणूस हलला तर तो फोटोत ओढल्यासारखा, फरफटल्यासारखा दिसतो. आजी तशी दिसत नव्हती. ती सगळीकडून सारखी मऊ होती आणि तिच्या मागची वस्तू कडक होती. म्हणजे फोकस तिच्यावर नव्हताच, तो मागे पडला होता. मी मात्र शपथेवर सांगते, फोकस तिच्या डोळ्यांवरच केला होता.

मग गोची कुठे होती?

थोडं बॅकग्राउंड देते. पवईच्या आयआयटीची स्थापना १९५८ साली सोव्हिएत मदतीने झाली. आजोबा तिथल्या लॅबमध्ये नोकरीला होते. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन तज्ज्ञाकडून त्यांनी १९६७ साली हा कॅमेरा विकत घेतला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला बनलेला, पुढे ज्युपिटर-८ ही ५० मिलिमीटर, एफ/२ची लेन्स.

आता फंडा समजून घ्या. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो. लेन्सला जे दिसतं, तेच आपल्याला दिसतं. रेंजफाइंडरचं तसं नाही. त्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. मधल्या फिकट ठिपक्यात समोरचा माणूस दुहेरी दिसतो. लेन्स फिरवायची, दोन प्रतिमा सरकत एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. लेन्सला हे कसं कळतं? लेन्सचा मागचा भाग कॅमेऱ्यातल्या एका छोट्या दांडीला ढकलतो आणि ती दांडी आतली प्रतिमा सरकवते. सगळा कारभार या दांडीच्या भरवशावर! ती जरा जरी सरकली की खिडकी एक सांगते आणि लेन्स दुसरंच करते. इंडिकेटरवर ठाणे स्लो आणि प्लॅटफॉर्मला लागली कर्जत फास्ट, असा प्रकार. आणि खिडकीत तर सगळं क्लिअर दिसतं, त्यामुळे शंकाही येत नाही.

एफ/२ला, १ मीटरवर, ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये शार्प पट्टा किती रुंद असतो माहितीये? जेमतेम पाच सेंटिमीटर. डोळ्यांवर फोकस केला तर कानापर्यंतही पोचत नाही. दांडीची छोटीशी चूक इथे लगेच उघडी पडते. तेच भर उन्हात एफ/११वर डोंगराचा फोटो काढा, ती चूक आरामात लपून जाते.

एका दुकानात मला सरळ सांगितलं, "लेन्स गेली, बदला." बॉस, एवढ्यावर मान डोलवू नका. आधी तीन गोष्टी घरीच तपासता येतात.

एक, आपला डोळा. झोर्की-४मध्ये रिवाइंडच्या बटणाखाली एक छोटा खटका असतो. तो चष्म्याच्या नंबरासारखा आपल्या डोळ्याला जुळवून घ्या. खिडकीच अंधूक असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

दोन, लांबचा फोकस. लेन्स इन्फिनिटीला लावा आणि किलोमीटरभर तरी लांब असलेला टॉवर बघा. रात्री चंद्रही चालेल. दोन प्रतिमा एकावर एक बसल्या पाहिजेत. एक वर, एक खाली दिसत असेल तर तो उभा दोष, आजूबाजूला दिसत असतील तर आडवा. मी डोंबिवलीच्या आमच्या गच्चीवरून बघितलं. तंतोतंत!

तीन, जवळचा फोकस. लोणच्याच्या पाच बरण्या टेबलावर तिरक्या रांगेत मांडल्या. मधली बरणी कॅमेऱ्यातल्या फिल्मपासून टेपने मोजून बरोबर १ मीटरवर. झोर्कीची पाठ पूर्ण निघते. फिल्म जिथे टेकते तिथल्या पट्ट्यांवर दुधी काचेचा तुकडा ठेवला, खरखरीत बाजू लेन्सकडे. शटर 'बी'वर, केबल रिलीजने उघडं धरलेलं. आता लेन्सला काय दिसतं ते भिंगातून थेट काचेवर बघता येतं, रोल न जाळता!

लेन्स १ मीटरवर लावली, तर काचेवर मधलीच बरणी शार्प. म्हणजे लेन्स ठणठणीत. मग खिडकीतून बघत तीच बरणी जुळवली, तर लेन्सवरचा आकडा थांबला सव्वा मीटरच्या जवळ. चोर सापडला. लांबचं बरोबर आणि जवळचं चूक, म्हणजे दोष कॅमेऱ्यातल्या दांडीचा.

उलट झालं असतं, लेन्सच आपल्या आकड्याशी प्रामाणिक नसती, तर उपाय वेगळा. लेन्सच्या आत कागदासारख्या पातळ धातूच्या चकत्या असतात. लेन्सचा फोकस मागे पडत असेल तर चकती वाढवायची, पुढे पडत असेल तर कमी करायची. म्हणून आधी आरोपी ठरवा, मगच स्क्रू ड्रायव्हर उचला. लेन्सच्या चुकीसाठी कॅमेरा वाकवला तर दुसरी लेन्स लावल्यावर बोंब!

मी स्क्रू ड्रायव्हर उचलला नाही. फोर्टला बोरा बाजारात एक काका अजून असले कॅमेरे उघडतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी लेन्स काढली, आतली दांडी दाखवली आणि म्हणाले, "मॅडम, हा कधीतरी पडलाय. नंतर कुणीतरी फक्त लांबचं जुळवून दिलंय. जवळचं कुणी बघितलंच नाही."

मग त्यांनी दांडीचं टोक केसभर फिरवलं. जवळचं जुळलं, तर लांबचं बिघडलं. पुढच्या बाजूचा बारीक झाकण-स्क्रू काढून आतल्या स्क्रूने लांबचं जुळवलं, तर जवळचं हललं. पुन्हा दांडी, पुन्हा स्क्रू. सातआठ फेऱ्यांनंतर दोन्ही टोकं जमली. दीड तास लागला. लायकासारख्या महागड्या कॅमेऱ्यातही हा खेळ असाच चालतो, फक्त तिथे दांडीच्या टोकाला गोल चाक असतं.

घरी येऊन जुना अल्बम काढला. आजोबा प्रत्येक फोटोमागे साल लिहायचे. १९६७, १९६८, १९६९... पवईच्या क्वार्टरच्या ओट्यावर आजी, एकेक पापणी मोजून घ्या. आणि १९७० नंतर? आजी धूसर, मागची तुळस शार्प. पुढची सगळी पानं तशीच. विहार तलावाचे, माथेरानचे फोटो मात्र झकास. लांबचे ना!

"आजी, १९७०मध्ये कॅमेरा पडला होता का गं?"

आजी जरा थांबली. "तुझ्या बाबाने टेबलावरून ओढला होता. दीड वर्षाचा होता. यांनी कुठूनसा दुरुस्त करून आणला."

सोफ्यावर बाबांनी पेपर आणखी वर धरला.

मी तिला दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवली. दांडी, बरण्या, बोरा बाजार, सगळं सांगितलं. तिने चष्मा पुसला आणि १९६८चा फोटो बराच वेळ हातात धरून ठेवला.

"म्हणजे मी हलत नव्हते?"

"एकदाही नाही."

परवा तिला पुन्हा खिडकीपाशी बसवलं. एफ/२, १ मीटर. दूध ओट्यावरच होतं, पण ती उठली नाही. फोटो काल आले. डोळ्यांच्या कडेची सुरकुती न् सुरकुती मोजता येते. आजीने तो आजोबांच्या फोटोसमोर उभा करून ठेवलाय.

"मी तेव्हाच सांगत होते यांना," ती म्हणाली.