पट आणि पटांगण

शाळेची मोजदाद सरकारी दफ्तरात एका शब्दाने होते, आणि तो शब्द म्हणजे पट. पटावरून शिक्षकांची संख्या ठरते, पोषण आहाराच्या तांदळाचे माप ठरते, नव्या खोलीची मंजुरी ठरते. आणि गेल्या काही वर्षांत तर शाळेने नांदावे की उठावे, हेही त्याच आकड्यावरून ठरविण्याकडे कल दिसू लागला आहे. त्याच शाळेसमोर जे चार-दोन गुंठ्यांचे पटांगण असते, तेथे रोज सकाळी, सणावारी आणि झेंडावंदनाच्या दिवशी जे घडते, त्याला मात्र कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. लहान शाळेचा न्याय करावयाचा तर तो दफ्तरात बसून नव्हे, त्या पटांगणात उभे राहून केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळा राज्यात असून त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकतात, हे आकडे काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाले. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पानशेत व तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला देऊन अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याबाबत जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रस्ताव मागविण्यात आले. त्यावर गदारोळ झाला आणि मामला थंडावल्यासारखा दिसला. परंतु फायलीत निजलेला विचार हा मेलेला विचार नसतो, हे कारभार जवळून पाहिलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. परभणी जिल्ह्यापुरते बोलायचे तर गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठच्या काळ्या सपाट जमिनीवर मोठी, नांदती गावे आहेत. पण दक्षिणेकडे गंगाखेड आणि पालमच्या अंगाला बालाघाटाच्या उतारांवर, आणि उत्तरेकडे जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात, चाळीस-पन्नास उंबऱ्यांच्या वाड्या आणि तांडे विखुरलेले आहेत. तेथील शाळेचा पट वीसच्या आत असणे हा त्या शाळेचा दोष नसून त्या भूगोलाचा स्वभाव आहे.

अशा एखाद्या वाडीची, पहिली ते पाचवीपर्यंतची, अठरा मुलांची शाळा डोळ्यांसमोर आणावी. सकाळी घंटा होते, मुले ओळीने उभी राहतात आणि परिपाठ सुरू होतो. राष्ट्रगीत आणि प्रार्थना सर्वांची मिळून. पण प्रतिज्ञा सांगणे, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा आणि सामान्यज्ञानाचे प्रश्न ही सहा कामे सहा मुलांनी पुढे येऊन करावयाची असतात. चारशे मुलांच्या शाळेत हा मान बहुधा स्वच्छ उच्चारांच्या आणि धीट स्वभावाच्या पाच-सहा मुलांकडे वर्षभर राहतो आणि उरलेली मुले ओळीत उभी राहून ऐकण्याचे शिक्षण तेवढे घेतात. अठरा मुलांच्या शाळेत हिशोब निराळा आहे: सहा कामे, सहा दिवस, म्हणजे आठवड्याच्या छत्तीस पाळ्या, आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला दोन. येथे लपायला मागची ओळच नसते. घरी गोरमाटी बोलणारे तांड्यावरचे पोर प्रथम अडखळते, शब्द गिळते, शेजारच्याकडे पाहून हसते. पण आठवड्यातून दोनदा पुढे यावेच लागते म्हणून दिवाळीपर्यंत ते मराठीत गोष्ट सांगू लागते, आणि हे काम कोणत्याही क्रमिक पुस्तकाने त्याच्यासाठी केलेले नसते.

बालसभा आणि शालेय मंत्रिमंडळ यांचीही तीच तऱ्हा. चिठ्ठ्यांनी मतदान होते, मुख्यमंत्री निवडला जातो, मग आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, पोषण आहारमंत्री, पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवणारा जलमंत्री अशी खाती वाटली जातात, आणि अखेर असे आढळते की या राज्यात प्रजा म्हणून कोणी उरलेच नाही. मोठ्यांच्या राजकारणात जो प्रकार हास्यास्पद ठरेल, तो येथे शिक्षणाचा उत्तम प्रकार ठरतो. कारण प्रत्येकाकडे काहीतरी सोपविलेले असते आणि ते न झाल्यास दुसऱ्या दिवशी सर्वांना दिसते. बाल आनंद मेळाव्याच्या दिवशी हीच मंत्रिमंडळी दुकानदार होतात: कोणी मेथीच्या जुड्या मांडते, कोणी बोरे आणि चिंचा, कोणी आईने करून दिलेले धपाटे; वाडीतल्या बायाबापड्या मुद्दाम घासाघीस करतात, आणि वहीतल्या वजाबाकीला कधी न जुळलेला हिशोब सुट्या पैशांपुढे मुकाट्याने जुळतो. दुपारी खिचडीची पंगत बसते. शासनाच्या लेखी ती पहिली ते पाचवीच्या दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने एवढीच असते. परंतु ज्या मुलुखात कोणी कोणाच्या शेजारी बसून जेवावे याचे नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्या मुलुखात वाडीतल्या साऱ्या घरांची मुले रोज एका ओळीत बसून एकाच पातेल्यातले अन्न खातात, या गोष्टीचे मोल उष्मांकांत कसे मोजणार?

वर्षातला मोठा प्रसंग म्हणजे २६ जानेवारी आणि त्याच्या आगेमागे होणारे स्नेहसंमेलन. सकाळी प्रभातफेरी निघते; ती वाडीला एक वळसा घालून दहा मिनिटांत शाळेत परत येते, तरी घोषणा मात्र तालुक्याच्या गावाला ऐकू जातील अशा असतात. संध्याकाळी ओट्यावर पडदा लागतो आणि पटांगणात सतरंज्या पडतात. समोर बसलेल्या माणसांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट मनाला लागते: तेथे आजे आहेत, आज्या आहेत, लेकुरवाळ्या सुना आहेत, पण नाचणाऱ्या मुलांपैकी कित्येकांचे आईबाप नाहीत. मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ‘कोयता’ म्हणून नोंदलेली ती जोडपी त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात एखाद्या साखर कारखान्याच्या तळावर असतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. अशी मुले गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि तिचा भार पेलते ती हीच लहानशी शाळा आणि तिची शालेय व्यवस्थापन समिती. आज्जीजवळ राहिलेल्या मुलाला त्या पाच-सहा महिन्यांत घर म्हणून जे उरते, त्याचा अर्धा भाग शाळेचे पटांगण असते. ती शाळा आठ किलोमीटरवरच्या समूह शाळेत विलीन झाली, तर सकाळच्या वाहनाची वाट कोणी पाहावयाची, आणि वाहन न आल्यास त्या पोराने शाळेत जावयाचे की आईबापांच्या मागे उसाच्या फडात, हे प्रश्न प्रस्तावात दिसत नसले तरी वाडीला ते स्वच्छ दिसतात.

या मुलुखाला एकत्र जमण्याचे मोल इतरांपेक्षा अधिक कळावे, याला इतिहासाचेही कारण आहे. निजामी अंमलात जाहीर सभेला सरकारी परवानगी लागे. १९२४ च्या नियमांनी खासगी शाळा काढण्यासही परवानगीचे कुंपण घातले, आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू असल्याने मराठी घरातले मूल शाळेच्या दारातच परके होई. त्या काळी परभणी जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे १९३७ साली गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा लोकांनी आपल्या भाषेत, आपल्या प्रश्नांसाठी एकत्र बसणे हीच एक मोठी घटना होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी अंमल संपल्यावर ते कुंपण गळून पडले, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्यावर प्राथमिक शाळा वाडी-तांड्यापर्यंत पोचण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या १७ सप्टेंबरमुळे मराठवाड्यातील शाळांत झेंडावंदनाचा एक दिवस उर्वरित महाराष्ट्रापेक्षा अधिक असतो. आणि ज्या वाडीत चावडी नाही, वाचनालय नाही, सभागृह नाही, तेथे तो झेंडा लावण्यासाठी जागा असते ती एकच.

तथापि, लहान शाळेचे गुणगान करताना तिचे दुखणे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. खो-खोच्या मैदानात एका बाजूचे नऊ खेळाडू लागतात. अठरा मुलांत, आणि त्यांतही पहिली-दुसरीची चिमुरडी वगळल्यावर, मुलींचा एक संघ उभा राहत नाही. चौथीत एकच मूल असेल तर त्याला बरोबरी करायला कोणी नाही आणि हरायलाही कोणी नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ पटापर्यंत दोन शिक्षक असावयास हवेत. पण त्यांतले एक गुरुजी प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की उरलेल्या बाईंना पाच इयत्ता, खिचडीची नोंद आणि ऑनलाइन माहिती यांचा गाडा एकटीने ओढावा लागतो. समूह शाळेचे समर्थक जेव्हा म्हणतात की मुलांना मुलांची संगत हवी, तेव्हा ते खरे तेच बोलतात. त्यांचे निदान बरोबर आहे. उपाय मात्र असा आहे, की रोग्याला औषध घरपोच देण्याऐवजी रोग्याचे घरच उठवावे.

आमची तजवीज साधी आहे. शाळा जागेवर राहावी आणि मेळा केंद्रावर भरावा. दहा-पंधरा शाळांचे एक केंद्र आणि त्याला एक केंद्रप्रमुख, ही व्यवस्था महाराष्ट्रात काही दशकांपासून रूढ आहे. त्या केंद्रावर शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. शिक्षकांना एकत्र येण्याची गरज आहे हे ज्या खात्याला मान्य आहे, त्याला मुलांना ती गरज अधिक आहे हे मान्य करण्यास अडचण नसावी. २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम शासनानेच सुरू केला आहे. त्यांतला महिन्याचा एक शनिवार केंद्रातील लहान शाळांनी एकत्र साजरा करावा: त्या दिवशी खो-खोचे दोन संघ पडतील, चौथीतल्या एकुलत्या एका मुलाला बारा सोबती मिळतील, एका शाळेची पेटी आणि दुसऱ्या शाळेची ढोलकी एकत्र वाजेल, तांड्यावरची मुलगी आपली गोष्ट शंभर मुलांपुढे सांगेल. कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. असे आठ शनिवार, प्रत्येकी पाच तासांचे धरले, तरी चाळीस तास होतात, म्हणजे विसावा हिस्सा. पाच-सात वाड्यांच्या मुलांची महिन्यातून एकदा ने-आण करण्याचा खर्च हा त्याच मुलांची वर्षभर रोज ने-आण करण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे, हे समजण्यास मोठ्या अर्थशास्त्राची जरुरी नाही.

यावर आक्षेप येईल की केंद्रप्रमुखांची पदे कित्येक ठिकाणी रिकामी आहेत आणि एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा कारभार आहे. आक्षेप खरा आहे. पण तो या सूचनेवरचा आक्षेप नसून रिकाम्या खुर्च्यांवरचा आहे, आणि समूह शाळा काढली म्हणून त्या खुर्च्या आपोआप भरणार नाहीत. डोंगरपट्ट्यातील रस्ते पावसाळ्यात साथ देत नाहीत, हाही आक्षेप येईल. तो तर आमच्याच बाजूचा साक्षीदार आहे: ज्या रस्त्याने महिन्यातून एक दिवस मुले नेणे कठीण, त्या रस्त्याने ती रोज न्यावीत असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

तूर्तास एवढी अपेक्षा बाळगावी. लहान शाळेच्या भवितव्याचा अहवाल ज्या अधिकाऱ्याला द्यावयाचा आहे, त्याने दुपारी येऊन हजेरीपट मागवू नये. घंटेच्या आधी यावे, पटांगणाच्या कडेला उभे राहावे, परिपाठ पुरा ऐकावा, एखाद्या मुलाची बोधकथा मध्येच अडली आणि शेजारच्याने हळूच ती पुढे ढकलली तर तेही पाहावे, आणि मग आत जाऊन शेरेबुक उघडावे. त्यानंतर त्याने लिहिलेला शेरा, तो कसाही असो, वाचण्यास आम्ही तयार आहोत.