रोवणीच्या रांगेत पुरुष नसतो

आषाढात भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्याने जा. लाखांदूर, पवनी, साकोली, कुठेही. बांधीच्या चिखलात वाकलेली रांग दिसेल आणि तिच्यात एकही पुरुष नसेल. पऱ्ह्यांच्या पेंढ्या आणून टाकायला, बांध नीट करायला, ट्रॅक्टरने चिखलणी करायला पुरुष असतो. रोवणी मात्र बाईचीच. आणि संध्याकाळी मजुरी वाटताना त्याच्या हातात जास्त, तिच्या हातात कमी.

माझी आई तीसेक वर्षं या रांगेत होती. शेजारच्या बांधीत बाबा असत. मालक एक, दिवस एक, पाऊस एक. मजुरी तेवढी वेगळी. शाळेत असताना मी एकदा मालकाला विचारलं, असं का? तो म्हणाला, "तुह्या मायले नांगर धराले सांग, मंग देतो." सगळे हसले. बाबाही हसले.

पुढे नागपूरला कायदा शिकायला गेले तेव्हा कळलं, की मालकाचं ते उत्तर १९७६ सालीच बेकायदा ठरायला हवं होतं. त्या वर्षी समान वेतन कायदा झाला. आता त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. दोन्हींतला नियम एकच: काम सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं असेल, तर बाई म्हणून कमी मजुरी देता येणार नाही.

आमच्या बायका अडकतात त्या याच 'सारख्या' शब्दात. रोवणीला पुरुष येतच नाही, मग तिची तुलना कोणाशी करायची? काम आधी बायकांचं ठरवायचं, आणि मग ते वेगळं आहे म्हणून स्वस्त ठेवायचं, अशी ही युक्ती आहे.

ती आमच्याच मालकाला सुचली असंही नाही. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. ऑड्री डिकॉस्टा यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. आमच्या या बायकांचा वर्गच निराळा, त्यात पुरुष नाहीतच, असा कंपनीचा बचाव होता. वर युनियनशी झालेल्या कराराचा आधार होता आणि परिस्थिती बिकट असल्याचं रडगाणंही होतं. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं फेटाळलं. त्या जागी बायकाच आहेत, कारण व्यवस्थापनाला तिथे बायकाच हव्या आहेत, हे न्यायालयाने ओळखलं. पैसे नाहीत ही सबबही कायद्यापुढे चालत नाही, असं बजावलं.

सुट्टीत आईला हा निकाल सांगितला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तिच्या हापिसात मोजाले बाप्ये तरी होते. आमी कोनासंगं मोजाचं?"

वकिलीच्या वर्गात मला कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. याचं उत्तर 'समान काम' या शब्दांत नाही, 'समान मोलाचं काम' या शब्दांत आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५१ च्या करारात हेच शब्द आहेत आणि भारताने तो १९५८ सालीच मान्य केला आहे. आपल्या कायद्यात मात्र ते अजून आलेले नाहीत. मोल पाहायचं, तर दिवसभर घोटाभर चिखलात वाकून, ओळ न मोडता, योग्य खोलीवर रोप लावणाऱ्या बाईचं काम बांधावरच्या कामापेक्षा हलकं कोणत्या तराजूत ठरतं? नांगर तर गेलाच, ट्रॅक्टर आला. पुरुष सीटवर बसला तरी त्याची मजुरी उतरली नाही. मग नांगराचं निमित्त कशाला?

कोणी म्हणेल, धानाची शेतीच परवडत नाही. खरं आहे, लहान शेतकरी स्वतःच टेकीला आलेला असतो. पण न परवडण्याची भरपाई दरवर्षी बाईच्याच मजुरीतून का? बाबांच्या मजुरीतून ती कधी कापली गेली नाही. ट्रॅक्टरवाल्याशी कोणी घासाघीस करून निम्मं भाडं देत नाही.

आणि हे अशक्य आहे असंही नाही. हीच बाई उन्हाळ्यात मामा तलावाचा गाळ काढायला रोजगार हमीवर जाते. तिथे दर कामाचा असतो. पुरुषाचा वेगळा, बाईचा वेगळा नसतो. मग मृगानंतर अशी काय जादू होते, की तिच्या हातांची किंमत उतरते?

माझी मागणी साधी आहे. रोवणीच्या आधी ग्रामसभेत मजुरीचे दर ठरवा आणि फळ्यावर लिहा. त्यात 'बाई' आणि 'पुरुष' असे दोन रकाने नकोत, कामाचं नाव असू द्या. आणि रोवणीचा दर रोवणाऱ्या बायकांना विचारून ठरवा. दिल्लीतला कायदा बदलायला वेळ लागेल. फळ्यावरचा रकाना पुसायला लागत नाही.

आईची कंबर आता सरळ होत नाही. तिची राहिलेली मजुरी कोणी देणार नाही, हे तिला माहीत आहे. मला एवढंच हवंय, की पुढच्या आषाढात एखाद्या पोरीने बांधावर तोच प्रश्न विचारला, तर तिचा बाप हसू नये.